मालकाच्या देखत गायलेली गाणी: ब्लूजमधला निषेध कसा ऐकायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘ब्लूज हा आफ्रिकन-अमेरिकन समाजाच्या इतिहासाचा आणि निषेधाचा आवाज आहे, असं सगळीकडे वाचतो. पण ऐकायला बसलं की बाई सोडून गेली, खिसा रिकामा आहे, दारू प्यायलो आणि पहाटेची गाडी पकडून निघालो, एवढंच कानावर पडतं. यात निषेध कुठे आहे? की तो नंतरच्या लोकांनी चिकटवला?’

शंका रास्त आहे. ब्लूजवर गांभीर्याने लिहिणाऱ्या पहिल्या पिढीतल्या काही गोऱ्या अभ्यासकांचंही 1950-60 च्या सुमारास असंच मत होतं: दुःख भरपूर, निषेध नावापुरता. मी बरीच वर्षं ब्लूज गिटार वाजवतो आणि शिकवतो, आणि मला ते मत अजिबात पटत नाही. ही गाणी कुणाच्या देखत गायली जात होती हे लक्षात घेतलं की निषेध जागोजागी ऐकू येऊ लागतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, म्हणून उत्तर लांबणार आहे.

1947 साली लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्स याने न्यूयॉर्कमधल्या एका स्टुडिओत तीन नामवंत ब्लूज कलाकारांना एकत्र बसवलं: बिग बिल ब्रूनझी, मेम्फिस स्लिम आणि सनी बॉय विल्यमसन. तिघेही दक्षिणेत वाढलेले आणि पुढे शिकागोत नाव कमावलेले. ‘ब्लूज येतो कुठून?’ एवढंच त्याने विचारलं आणि यंत्र चालू ठेवलं. मग ते बोलत सुटले. नदीकाठच्या बांधांवरच्या मजूर छावण्या, तुरुंग, मुकादमाची बंदूक, मारून टाकलेली माणसं, सगळं निघालं. त्यातच एक आठवण आली. मालकाला शिव्या घालाव्यात असं मनात आहे, पण तोंडावर बोलायची सोय नाही, असा मजूर काय करायचा? जनावर गाडीला जुंपताना त्याने आपल्या पायावर पाय दिल्याचं सोंग करायचा आणि त्या मुक्या जनावराला गाण्यातून मनसोक्त शिव्या द्यायचा. मालक तिथेच उभा असायचा. लेकी बोले सुने लागे.

लोमॅक्सने ते ध्वनिमुद्रण परत वाजवून दाखवलं तेव्हा तिघेही हादरले. आपली नावं बाहेर आली तर दक्षिणेत राहिलेल्या आपल्या नातेवाइकांना लोक सोडणार नाहीत, असं त्यांनी निक्षून सांगितलं. ते मुद्रण 1959 साली प्रसिद्ध झालं, तेही खोट्या नावांनी. खरी नावं छापली गेली 1990 साली, तिघेही वारल्यानंतर. लक्षात घ्या, हे लोक उत्तरेत राहत होते, रेकॉर्ड कंपन्यांचे नावाजलेले कलाकार होते आणि साल 1947 होतं. तरी ही भीती. मग 1910-20 च्या काळात मिसिसिपीतल्या मळ्यावर राहून गाणाऱ्याने उघड घोषणा द्यावी, ही अपेक्षा आपण कशी करायची?

तो मळा कसा होता हेही थोडं पाहू. 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली. जमीन मात्र जुन्या मालकांकडेच राहिली. काळी कुटुंबं त्याच जमिनीवर अर्धेलीने कापूस पिकवू लागली. बियाणं, खेचर, पीठमीठ, कपडा, सगळं मळ्याच्या दुकानातून उधारीवर. हिशोब डिसेंबरात. वही मालकाची, वजनकाटा मालकाचा, आणि वर्षभर राबून शेवटी कर्ज निघालं तरी ‘वही दाखवा’ म्हणण्याची हिंमत जिवावर बेतू शकत होती. 1877 ते 1950 या काळात जमावाने हालहाल करून मारलेल्या काळ्या माणसांची नोंदलेली संख्या चार हजारांच्या वर आहे. काम सोडून भटकणाऱ्याला पकडायला भटकेपणाचे कायदे होतेच. गुलामगिरी रद्द करणाऱ्या 13 व्या घटनादुरुस्तीत एक पळवाट होती: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. मिसिसिपी सरकारने 1901 पासून उभा केलेला पार्चमन तुरुंग म्हणजे हजारो एकरांचा कापसाचा मळाच होता, आणि तिथे राबणारे बहुतेक कैदी काळे होते. सन हाऊस हा ब्लूज गायक तिथे कैदेत राहून आला, बुका व्हाइट हा दुसरा गायकही. म्हणून ब्लूजमधे ‘कॅप्टन’ किंवा ‘मिस्टर चार्ली’ असं कुणी आलं की कान टवकारायचे. तो मुकादम आहे, मालक आहे, गोरा माणूस आहे. आणि कापसाची बोंडं फस्त करणाऱ्या सोंड्या भुंग्याचं गाणं गंमतीचं वाटलं तरी ऐकणाऱ्याला कळत होतं की घर शोधत फिरणारा, कितीही मारला तरी न मरणारा आणि शेवटी मालकाला बुडवणारा हा इवलासा जीव नेमका कुणाला आवडत असेल.

आता रचनेकडे येतो, कारण मला वाटतं निषेधाची निम्मी गोष्ट शब्दांत नसून तिथे आहे. नेहमीचा ब्लूज 12 बारांचा असतो, प्रत्येक बारात 4 मात्रा, म्हणजे 48 मात्रांचं एक आवर्तन. त्यात तीन ओळी. पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिसरी ओळ तिला उत्तर देते. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण गाणारा साधारण निम्मेच वापरतो आणि उरलेल्या जागेत गिटार बोलते. ही सवाल-जवाबाची पद्धत शेतातल्या हाळ्यांमधून आणि कामाच्या गाण्यांमधून आलेली आहे. तिथे एकाने हाक द्यायची आणि सगळ्या टोळीने उत्तर द्यायचं. ब्लूजमधे टोळी नाही, एकटा माणूस आहे, आणि त्याला उत्तर देणारं त्याचं वाद्य. मिसिसिपीतला जुना गायक-वादक चार्ली पॅटन तर कित्येकदा ओळीचा शेवटचा शब्द म्हणतच नाही. तारेवरून सरकणारी स्लाइड, म्हणजे बोटात घातलेली नळी, तो पुरा करते. ओळ दोनदा ऐकलेली असते, त्यामुळे समोरच्यांना तो शब्द ठाऊक असतो. तोंडाने न बोललेल्या शब्दाबद्दल कुणाला पकडणार?

सुरांचंही तसंच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी सांगतो की कोमल गंधारावर बोट ठेवा, तार किंचित ओढा आणि शुद्ध गंधार येण्याच्या अलीकडे थांबा. तिथेच ब्लूजचा गंधार आहे. आपल्याकडे मींड आणि श्रुतींची सवय असलेल्या कानाला ते चटकन कळतं. पियानोच्या पट्ट्यांत तो सूर सापडत नाही, म्हणून त्या काळच्या अनेक सुशिक्षित संगीतकारांना ही माणसं बेसूर वाटली. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची भाषा, नावं, देव, सगळं हिरावलं गेलं. सूर लावण्याची ही रीत मात्र कुणाला काढून घेता आली नाही. माझ्या लेखी हा इतिहासाचा पुरावाच आहे, कुठल्याही दस्तऐवजाइतका.

एकच रेकॉर्ड नीट ऐकायची असेल तर पॅटनची ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ ऐका. 1927 च्या एप्रिलमधे मिसिसिपी नदीने बांध फोडले. 21 तारखेला ग्रीनव्हिल गावाच्या वर माउंड्स लँडिंगला मोठं खिंडार पडलं आणि डेल्टा, म्हणजे मिसिसिपी राज्याचा नदीलगतचा सपाट मुलूख, पाण्याखाली गेला. ग्रीनव्हिलच्या बांधाच्या अरुंद माथ्यावर सुमारे 13 हजार काळी माणसं तंबूंत येऊन राहिली. त्यांना हलवायला जहाजं आली होती. गोऱ्या बायका-मुलांना नेलं. काळ्या मजुरांना मात्र चढू दिलं नाही, कारण एकदा गेलेला मजूर पुन्हा कापूस वेचायला येणार नाही, ही मळेवाल्यांची धास्ती. मग बंदूकधारी पहारा बसला, अंगावर ओळखीचे बिल्ले लावायला लावले, आणि मदतीचं धान्य मिळवायचं तर बांधावर फुकट राबावं लागे.

पॅटनने हे गाणं 1929 च्या अखेरीस विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला पॅरामाउंट कंपनीसाठी गायलं, रेकॉर्डच्या दोन्ही बाजू भरून. पाय आपटतोय, गिटारच्या अंगावर थापा मारतोय, आवाज घोगरा आणि घाईत. एकेका गावाचं नाव घेत पाणी पुढे सरकतं आणि त्याच्या आधी गाणारा पळतो: समनर, लेलंड, ग्रीनव्हिल. आणि मग एक ओळ येते, अगदी सहज, पुराच्या वर्णनातच मिसळलेली. उंचावरच्या मुलखाकडे गेलो असतो, पण माझी वाट अडवलीय. कुणी अडवली ते तो सांगत नाही. पाणी वाट अडवू शकतं, बंदूकवालाही अडवू शकतो. रेकॉर्ड कंपनीच्या गोऱ्या माणसाला पुराचं गाणं ऐकू आलं असेल. बांधावर राहिलेल्याला ती ओळ काय सांगत होती हे वेगळं सांगायला नको. ब्लूजमधला निषेध मला इथे सगळ्यात प्रखर वाटतो, घोषणेच्या गाण्यांपेक्षाही.

आता प्रेमाच्या आणि प्रवासाच्या गाण्यांबद्दल, कारण शंकेचा रोख मुख्यतः त्यांच्यावर आहे. अमेरिकन विचारवंत आणि कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांनी मांडलेला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. गुलामगिरी संपल्यावर पोटापाण्याची स्थिती फारशी बदलली नाही, पण तीन गोष्टी खरोखर बदलल्या: शिक्षण आवाक्यात आलं, माणूस आपल्या मर्जीने कुठे जाऊ शकत होता आणि आपल्या मर्जीने कुणावर जीव लावू शकत होता. ज्यांच्या आजी-आजोबांच्या जोड्या मालकाने लावल्या आणि लिलावात मोडल्या, त्यांची नातवंडं ‘तू मला सोडून गेलीस’ म्हणतात तेव्हा त्यात दुःख आहेच, पण सोडून जाण्याचा हक्कही आहे. रेल्वेचंही तसंच. आगगाडीचं गाणं म्हणजे मळा सोडून निघालेल्याचं गाणं. 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख काळी माणसं दक्षिण सोडून गेली. डेल्टामधून उत्तरेला जाणारी इलिनॉय सेंट्रलची गाडी थेट शिकागोला पोचवत असे, आणि कामगार पळतात म्हणून दक्षिणेतले मळेवाले हैराण होते.

याच संदर्भात डेल्टाचा ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन याच्याबद्दल बोलायला हवं, कारण त्याची सैतानाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. चौकात मध्यरात्री आत्मा विकला आणि गिटार आली, ही कथा मुळात टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल त्याच्या भावाने सांगितलेली. ती रॉबर्टला चिकटली आणि पुस्तकांपासून टी-शर्टपर्यंत पसरली. मला ती कथा खटकते, कारण तिच्यामुळे खरी गोष्ट झाकली जाते. रॉबर्टच्या आईचा पहिला नवरा चार्ल्स डॉड्स हा हेझलहर्स्ट गावातला बऱ्यापैकी सुस्थितीतला माणूस. गोऱ्या जमीनमालकांशी वाद झाला, जमाव मागे लागला आणि त्याला घरदार टाकून पळावं लागलं. पुढे तो मेम्फिसला स्पेन्सर हे नाव घेऊन राहिला, आणि लहानपणी काही वर्षं रॉबर्ट त्याच्याच घरी वाढला. आता 1937 सालचं, नरकातले कुत्रे माग काढत येताहेत असं सांगणारं त्याचं गाणं पुन्हा ऐका. माग काढणारे कुत्रे त्या मुलखात कुणामागे सोडले जात, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. सैतानाची काहीच गरज नव्हती.

बायकांनी मात्र पुरुषांच्या आधी आणि जास्त स्पष्ट बोलून ठेवलंय. ब्लूजची पहिली खपाऊ रेकॉर्ड एका काळ्या गायिकेची, मेमी स्मिथची, 10 ऑगस्ट 1920 रोजी मुद्रित झालेली ‘क्रेझी ब्लूज’. पेरी ब्रॅडफर्डचं गाणं. वरवर पाहता ते विरहाचं आहे, पण शेवटाकडे ती बंदूक घेऊन पोलिसाला गोळी घालायची भाषा करते. आदल्याच वर्षी, 1919 च्या उन्हाळ्यात, शिकागोसह अनेक शहरांत काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले होते. प्रेमाच्या गाण्यात पोलीस कुठून आला, हे तेव्हा विचारावं लागलं नसेल. बेसी स्मिथने 1928 मधे ‘पुअर मॅन्स ब्लूज’ गायलं, त्यात तर आडपडदाच नाही. श्रीमंताला उद्देशून ती सरळ विचारते की गरीब माणूस नसता तर तुझं काय झालं असतं, आणि युद्ध लढला तो कोण? मा रेनीने साखळदंडातल्या कैद्यांवर गायलं. सगळ्या गायिका अशाच होत्या असं मी म्हणणार नाही. पुष्कळ ब्लूज हा शनिवारी रात्री नाचायचा, चावट, हसवणारा आहे, आणि पुरुषांच्या काही गाण्यांत बायकांना मारण्याची बढाईसुद्धा आहे. ती मला आजही वाजवाविशी वाटत नाहीत.

आपल्याला निषेध चटकन ऐकू येत नाही याला आपला कानही कारण असावा. मराठी माणसाच्या कानावर आंबेडकरी जलसे आहेत, भीमराव कर्डक, वामनदादा, अण्णा भाऊ आहेत. तिथे शत्रूचं नाव घेतलं जातं, नेत्याचं नाव घेतलं जातं, समोर सभा असते आणि पाठीशी चळवळ असते. म्हणून 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरचं, म्हणजे काळ्यांच्या उघड लढ्याचं. मळ्यावरच्या ब्लूज गायकापाशी सभा नव्हती आणि पाठीशी चळवळही नव्हती. तो ज्या खोलीत गायचा ती खोलीही बहुधा मालकाचीच.

जिथे मालकाचं कुंपण थोडं दूर गेलं, तिथे तोच ब्लूज उघड बोलला, आणि त्याची किंमतही लगेच मोजावी लागली. लेड बेली हा गायक 1937 साली बायकोसह वॉशिंग्टनला गेला, राजधानीत त्यांना धड खोली मिळेना, आणि त्याने ‘बुर्झ्वा ब्लूज’ रचलं. अलाबामात खोट्या आरोपाखाली अडकवलेल्या नऊ काळ्या पोरांवरही त्याने गायलं, आणि त्या रेकॉर्डच्या शेवटी तो बोलून सांगतो की तिकडून जाताना जपून, डोळे उघडे ठेवा. जॉश व्हाइट या गायकाने 1941 मधे वंशभेदाच्या कायद्यांवर गाण्यांचा एक पूर्ण संच काढला. ती गाणी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोचली. पण 1950 साली त्याच जॉश व्हाइटला संसदेच्या कम्युनिस्टविरोधी समितीपुढे उभं राहावं लागलं. ब्रूनझीने रचलेलं, गोरा असशील तर ठीक, गव्हाळ असशील तर थांब, काळा असशील तर मागे हो, अशा आशयाचं गाणं रेकॉर्ड करायला अमेरिकेतल्या कंपन्या तयार नव्हत्या. ते 1951 मधे पॅरिसला मुद्रित झालं.

यातला सगळ्यात मोठा गायक माझ्या मते जे. बी. लेनॉर, आणि त्याचंच नाव सगळ्यात कमी घेतलं जातं. 1954 साली त्याने राष्ट्राध्यक्षांच्या नावानेच ‘आयझेनहॉवर ब्लूज’ काढलं. ते मागे घेतलं गेलं आणि करांबद्दलचं साधं गाणं म्हणून नव्याने मुद्रित झालं. 1965 मधे, अलाबामातल्या सेल्मा गावी काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी मोर्चे निघाले त्या वर्षी, तो पुन्हा स्टुडिओत गेला. या वेळी युरोपातल्या निर्मात्यांसाठी, शिकागोचा ब्लूज गीतकार विली डिक्सन याच्या देखरेखीखाली. अलाबामावरच्या गाण्यात तो म्हणतो की मी तिथे कधीच परत जाणार नाही, माझ्या भावाबहिणीला त्यांनी मारलं आणि जगाने त्यांना मोकळं सोडलं. 1967 मधे, वयाच्या 38 व्या वर्षी, मोटार अपघातातल्या दुखापतींनंतर तो गेला.

शिकागोत पोचलेल्यांनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आवाज विजेवर चढवला. मडी वॉटर्स 1943 पर्यंत मिसिसिपीत स्टोव्हल मळ्यावर ट्रॅक्टर चालवत होता. मजुरी वाढवून मागितली, मिळाली नाही, आणि तो गाडीत बसला. मे 1955 मधे त्याने ‘मॅनिश बॉय’ मुद्रित केलं. एकच स्वरसंगती, एकच ठोका, आणि मी पुरुष आहे, पूर्ण वाढलेला पुरुष, हे पुनःपुन्हा. गोऱ्यांच्या तोंडी साठीच्या काळ्या माणसालाही ‘ए पोऱ्या’ अशीच हाक असे. त्या गाण्यातली मर्दानी फुशारकी खरी आहे, आणि त्या हाकेला दिलेलं उत्तरही तितकंच खरं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमधे शिकागोहून सुटीत डेल्टाला आलेल्या 14 वर्षांच्या एमेट टिलला एका गोऱ्या बाईशी बोलल्याच्या कारणावरून मारून नदीत टाकलं गेलं. त्याचे मारेकरी समनरच्या कोर्टात निर्दोष सुटले. पॅटनच्या गाण्यात पाणी आधी शिरतं ते हेच समनर. पुढे 1968 साली मेम्फिसच्या सफाई कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर ‘मी माणूस आहे’ या अर्थाचं जे वाक्य होतं, ते शब्दशः मडीच्या गाण्यातलंच होतं. कुणी गाण्यातून उचललं असं माझं म्हणणं नाही. एकाच अपमानाला दोन ठिकाणी तेच उत्तर मिळालं.

तोवर तरुण काळा श्रोता सोल संगीताकडे वळला होता. ब्लूज त्यांना बापजाद्यांच्या लाचारीचा आवाज वाटे, आणि बी. बी. किंगला याचा त्रास व्हायचा. 1969 च्या ‘व्हाय आय सिंग द ब्लूज’ मधे तो गुलामांच्या जहाजापासून सुरुवात करतो, चाबूक घेऊन उभ्या असलेल्या माणसांपासून, आणि शहरातल्या उंदरांनी भरलेल्या खोल्यांपर्यंत येतो. मला ते गाणं त्या तरुणांना दिलेलं उत्तरच वाटतं.

शेवटी ऐकायचं कसं ते सांगतो. क्रम असा ठेवा: आधी लोमॅक्सचं ते संभाषण, ‘ब्लूज इन द मिसिसिपी नाइट’ नावाने मिळतं. मग लेनॉरच्या 1965 च्या मुद्रणांपैकी काही, कारण त्याचे शब्द स्वच्छ आहेत. मग बेसी स्मिथ. पॅटनला सगळ्यात शेवटी घ्या. त्या जुन्या रेकॉर्डवर खरखर इतकी आहे की पहिल्या खेपेला हाती काही लागत नाही. लिहून काढलेले शब्द समोर ठेवा, शेजारी मिसिसिपीचा नकाशा उघडा आणि तो ज्या क्रमाने गावांची नावं घेतो त्या क्रमाने बोट फिरवा. वाट अडवल्याची ती ओळ येईल तेव्हा बोट सपाट मुलखातच असेल आणि टेकड्या पूर्वेला दिसत असतील.